बोडो, आफ्रिकान्स आणि अच्युतराव

स्वरदाच्या तिसऱ्याच वाक्यात ‘लेकिन’ आलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या अच्युतरावांनी सवयीने पेनाचं टोपण काढलं. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी ‘लेकिन’ लिहिलं, पुढे ‘पण’. पाठोपाठ ‘मजाक’ आलं. त्यापुढे ‘थट्टा’. शेजारी बसलेल्या कमलिनीबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

“आज तरी राहू द्या.”

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भोपाळच्या मराठी मंडळाचं महिन्याचं व्याख्यान होतं. विषय, बोडो आणि आफ्रिकान्स या दोन भाषांची तुलना. बोलणारी म्हणजे यांचीच मुलगी, भाषाशास्त्रात पीएचडी करणारी. व्याख्यान मराठीतच झालं पाहिजे हा मंडळाचा नियम, म्हणून स्वरदा मराठीत बोलत होती. नाहीतर अच्युतरावांशी ती मराठीत बोलली त्याला अकरा वर्षं झाली होती. चौदाची असताना एकदा जेवताना म्हणाली, भाजीत नमक कमी आहे. ‘मीठ’ म्हण, मगच देतो, म्हणून अच्युतरावांनी मिठाची बरणी हातात धरून ठेवली. पोरगी अळणी भाजी खाऊन उठली, आणि त्या दिवसापासून बापाशी फक्त हिंदी. आईशी मात्र तीच हिंदी-मराठीची खिचडी, अगदी मजेत. साताऱ्याहून नोकरीसाठी आलेले अच्युतराव परमुलखात मराठी जपायला गेले आणि लेकीचं बोलणं घालवून बसले. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, वळत नव्हतं.

“डच लोक जहाजातून आफ्रिकेच्या टोकाला गेले,” स्वरदा सांगत होती. “तिथे त्यांची भाषा गुलामांच्या, नौकरांच्या, तिथल्या लोकांच्या तोंडात गेली आणि बदलून गेली. जे कठीण होतं ते गळून पडलं. हॉलंडवाले हसायचे. म्हणायचे, ही तर किचनची भाषा. लेकिन बोलणाऱ्यांनी बोलणं नाही सोडलं. तिथल्या मुसलमानांनी तर आपल्या मुलांना शिकवायला ती अरबी अक्षरांत लिहिली. मला हे खूपच कमालचं लागतं.”

मागून कुणीतरी ‘वा’ म्हणालं. अच्युतराव ‘लागतं’च्या पुढे ‘वाटतं’ लिहायला गेले आणि ते राहूनच गेलं, कारण ती पुढे बोलू लागली होती. तिच्या हातात कागदाचा चिटोराही नव्हता. भोपाळच्या मदरशांपासून आफ्रिकेच्या टोकावरल्या केपच्या मदरशांपर्यंत अशी काही फिरवून आणत होती की डुलक्या काढायला आलेले पेन्शनरसुद्धा सावरून बसले होते.

“बोडो कुठे गेली नाही. ती आसाममध्ये आपल्या जागेवरच राहिली. घरात बोडो, आणि शाळेत गेलं की दुसऱ्याची भाषा. मग लोक अडून बसले, आमच्या मुलांना आमच्या भाषेत शिकू द्या. साठ वर्षांपूर्वी पहिले वर्ग सुरू झाले. आज बोडोत एमए होतं.”

तिने पडद्यावर बोडोतला एक उतारा दाखवला. लिपी आपलीच, देवनागरी. साऱ्या सभागृहाने तो शाळेतल्यासारखा मोठ्याने वाचला आणि कुणालाही ओ की ठो कळलं नाही. हशा पिकला. अच्युतरावही हसले.

“आता शेवटची गोष्ट. आफ्रिकान्स मोठी झाली, सरकारी झाली. मग तिच्या लोकांनी ती शाळांमध्ये दुसऱ्यांच्या मुलांवर थोपली. तिथल्या सोवेटो वस्तीतली काळी मुलं रस्त्यावर उतरली, गोळ्या चालल्या. भाषा दोन्ही तितक्याच गोड. बस, बोडो लोकांनी आपल्या मुलांसाठी मागून घेतली, आणि आफ्रिकान्सवाल्यांनी ती दुसऱ्यांच्या मुलांच्या डोक्यावर बसवली. भाषेची त्यात काय गलती?”

ती बापाकडे बघतही नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर सोवेटोच होतं. अच्युतरावांना मात्र हातातली बरणी दिसली. लाज वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. आपल्या पोरीला एवढं दिसतं, एवढं कळतं, आणि आपण शब्द वेचत बसलो. त्यांनी पेन खिशाला लावून टाकलं.

टाळ्या थांबल्यावर समारोपाला पुण्याहून आलेले पाहुणे उठले. निवृत्त प्राध्यापक, माणूस प्रेमळ.

“विषय उत्तम, अभ्यास दांडगा,” ते म्हणाले. “फक्त बाळ, एक शंका आहे. तू इतका वेळ बोललीस, ती मराठी कुठली म्हणायची?”

सभागृह खदखदून हसलं. स्वरदाचा चेहरा उतरला. तिने माइक जवळ ओढला आणि तसाच सोडून दिला. आता ही पुन्हा मराठीचं नाव काढायची नाही, हे अच्युतरावांना स्वच्छ दिसलं.

ते उठून उभे राहिले. कमलिनीबाईंनी घाबरून त्यांचा शर्ट धरला.

“भोपाळची,” अच्युतराव म्हणाले. “आमच्या घरी अशीच बोलतात.”

हसणं थांबलं. पाहुण्यांनी मान डोलावली. स्वरदा बापाकडे बघत राहिली. अच्युतरावांना आता पुढे काय बोलावं ते सुचेना आणि बसावं हेही सुचेना.

“बाबा,” स्वरदा माइकमधूनच म्हणाली, “बसून जा ना आता.”

अच्युतराव बसून गेले.