शुक्रवारची हरकत

"इथंच बस हं. हलू नकोस. मी आलेच."

आवाज बाईचा होता, धापा टाकणारा. पायरी गार होती आणि मूल तीन वर्षांचं. मूल बसून राहिलं. दिवस कलला, पाठीमागचं आश्रमाचं दार उघडलं, कुणीतरी त्याला आत नेलं. आवाज काही परत आला नाही.

आता ते मूल त्रेपन्न वर्षांचं होतं आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, खांबाआड, घड्याळाकडे डोळे लावून बसलं होतं.

तिला सगळे नर्सबाई म्हणत. वीस वर्षं दवाखान्यात सुया टोचून ती निवडून आली, आणि आल्या आल्या तिनं एक विधेयक मांडलं. सरकारचं नव्हे, तिचं एकटीचं. आश्रमात वाढलेल्या माणसाला आपली नोंदवही बघायला मिळावी. कुणी आणून सोडलं, कधी सोडलं, मागाहून चौकशीला कोण आलं. एवढंच.

अशा एकांड्या विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारची दुपार येते. अडीच वाजले की चर्चा बंद, उरलेल्यांची नुसती नावं वाचायची. सगळे गप्प राहिले तर विधेयक एक पायरी वर चढतं. एकानं जरी बसल्या जागेवरून 'हरकत' म्हटलं, तर ते गेलं पुढच्या शुक्रवारवर. कोण म्हणालं ते कुणी विचारत नाही, कुणी लिहीत नाही.

असे चार शुक्रवार गेले होते. चारही वेळा तिच्या पाठीमागून तो एक शब्द आला होता. घशात दाबलेला, ना बाईचा ना बाप्याचा.

"सरकारी पक्षाच्या प्रतोदाचीच माणसं," आक्का मागच्या बाकावरून वाकून म्हणाली होती. "सरकारला जुनी गाठोडी सुटायला नको असतात."

आक्का सहा वेळा निवडून आलेली. नर्सबाईच्या शिक्षणाची फी तिनं भरली, दवाखान्यात तिनं चिकटवली, राजकारणात तिनं ओढली. विधेयकाचा मसुदाही तिच्याच जेवणाच्या टेबलावर झाला. आक्का तेव्हा एकदाच अडली होती.

"सोडणाऱ्याचं नाव पुरे की. मागाहून कोण आलं, हा रकाना कशाला? लोकांचे संसार असतात, बाई."

"राहू दे तो, आक्का."

"हट्टी कुठली," म्हणत आक्कानं तिच्यापुढे चहा सरकवला होता.

आज पाचवा शुक्रवार, अधिवेशनातला शेवटचा. आज अडलं की विधेयक मेलं.

काल तिनं प्रतोदाला जिन्यातच गाठलं होतं.

"का माझ्या मुळावर उठलात?"

"मी? अहो, तुमचं विधेयक आमच्या गावीही नाही."

"मग चारदा अडवलं कुणी?"

"मला अडवायचं असतं तर उघड अडवलं असतं. माझा आवाज लपतो होय?" त्याचा आवाज खरंच फुटक्या नगाऱ्यासारखा होता. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला. "नर्सबाई, वैरी लांब शोधू नका."

त्या रात्री तिला घास गोड लागला नाही. सकाळी ज्याच्याकडे बघावं त्याच्या गळ्यात तो शब्द अडकलेला दिसू लागला. नमस्कार करणाऱ्याच्या, दार धरणाऱ्याच्या, 'आज होणार बघा' म्हणणाऱ्याच्या. म्हणून आज ती आपल्या जागेवर बसली नाही. कुणाला न सांगता, अगदी आक्कालाही, मागच्या दारानं आत आली.

सभागृहात अकरा डोकी होती. प्रतोद बाहेरगावी, त्याची माणसंही पांगलेली. पुढे पाठमोरी आक्का. पांढरा अंबाडा, खांद्यावर शाल. नर्सबाईची रिकामी जागा बघून तिनं दोनदा दाराकडे नजर टाकली होती.

अडीच वाजले. चिटणीस नावं वाचू लागला. एक गेलं, दुसरं गेलं. मग तिचं आलं.

आक्काची शाल तोंडापर्यंत वर गेली.

"हरकत."

अध्यक्षांनी मानही वर केली नाही. "पुढचं."

बाकं रिकामी होईपर्यंत नर्सबाई हलली नाही. मग खाली उतरून आक्काशेजारी बसली. आक्कानं तिच्याकडे पाहिलं आणि शाल हळूच मांडीवर ठेवली.

पन्नास वर्षांचं सगळं नर्सबाईच्या डोळ्यांपुढून गेलं. फी, नोकरी, तापात कपाळावर आलेला हात. बिननात्याचं कोण एवढं करतं? तिच्या ओठांवर एक शब्द आला, जो तिनं आयुष्यात कुणाला म्हटला नव्हता.

"आई?"

"नाही गं," आक्का म्हणाली. "तेवढं माझं नशीब कुठलं? मी बावीस वर्षांची होते, त्या आश्रमात दारावर नोकरीला. तुला चांगलं घर मिळत होतं. माणसं सोमवारी न्यायला येणार होती. ती आलीच नाहीत."

"मग लपवायचं काय होतं?"

आक्कानं मांडीवरच्या शालीची घडी घातली.

"रविवारी तुझी आई आली होती. दवाखान्यातून उठून तशीच, मनगटावरची पट्टीसुद्धा सोडली नव्हती. वहीत तिची नोंद आहे, खाली सही माझी. तुला कालच कुणीतरी घेऊन गेलं, असं सांगून मीच तिला दारातून परत पाठवली."