त्या बाईला कशानं वाचवलं

“आता तुम्ही सांगा, मंगलाबाई. आपल्या बोलीत. जसं कळलं तसं.”

योगराज सरांनी वही मिटली आणि चष्मा कपाळावर चढवला. मंगलाबाई दाराबाहेर गॅलरीत बसली होती. मांडीवर साड्यांचा ढीग, हातात कात्री. मिलमधून आलेल्या साड्यांचे सुटे दोरे कापायचे, हे तिचं काम. लिंबायत वस्तीतल्या निम्म्या बायका तेच करतात. हात साडीवर, कान सरांकडे.

सर निवृत्त मास्तर, नंदुरबारकडे गावकुसाबाहेर वाढलेले ख्रिस्ती. बायको गेल्यापासून एकटेच. या वयात लोक नातवंडं खेळवतात. ह्या माणसानं ग्रीक शिकून घेतली, आणि येशूच्या गोष्टी थेट त्या मूळ भाषेतून अहिराणीत आणायला बसला! त्यांची रीतही न्यारी. लिहिलेलं अशा माणसाला वाचून दाखवायचं, ज्यानं ते आधी कधी ऐकलेलं नाही. मग तेच त्याच्या तोंडून ऐकायचं. ऐकणारा चुकला, तर चूक लिहिणाऱ्याची. एवढा शिकलेला माणूस आपल्या बोलण्यावरून आपली वही खोडतो, याचं मंगलाबाईला भारी कौतुक. म्हणून तर ती दिवाळीपासून येत होती.

पण आत कधी गेली नाही. सरांनीही कधी ‘या’ म्हणून आग्रह केला नाही. चहा तेवढा ते रोज उंबऱ्यावर आणून ठेवायचे. तिच्यासाठी त्यांनी बाजारातून वेगळा, कोरा पेला आणला होता. कशाला, ते तिला कळलं नव्हतं.

आत टेबलावर त्यांचं पवित्र पुस्तक होतं, आणि मंगलाबाईला नवरात्रापासून अंगावरून जात होतं. चार दिवस बाजूला बसायचं असतं. तिचे चार दिवस संपतच नव्हते. नवरा छगन सचिनच्या औद्योगिक वसाहतीत बारा तासांच्या पाळीत राबायचा. सुनेला तिनं कंबर दुखते म्हणून सांगितलं होतं. देवाला शिवणं बंद. आखाजीच्या सणाला माहेरी जाणंही टाळलं. धाकटी बहीण अंजना असंच लपवून लपवून घरात खंगून मेली होती. मोठ्या दवाखान्यात बायका बऱ्या होतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांवर शंभर टक्के विश्वास होता. फक्त पाऊल उचलत नव्हतं.

आणि आज सरांनी नेमकी हीच गोष्ट वाचावी!

“सांगा की,” सर म्हणाले.

“एक बाई व्हती,” तिनं सुरुवात केली. “तिले बारा वरीस रगत जाये. वैद्य करी करी थकनी. मंग तिनी ऐकं, येशू येस. ती गर्दीमा घुसनी...” आणि ती थांबली. “सर, खरंच गर्दीमा घुसनी? तशीच? कितला मानसंसले शिवनी व्हई ती! कोनी वळखं असतं ते?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“लिखेल नसू द्या. बाई मानूसले कळस.”

सरांनी वही पुन्हा उघडली. “मग एक सांगा. तिला कशानं वाचवलं? ग्रीकमध्ये शब्द आहे, पिस्तिस. मी ‘विश्वास’ लिहिलं, पण मन भरत नाही. त्या शब्दात खरं मानणं आहे, भरवसा टाकणं आहे, आणि शेवटपर्यंत धरून राहणंही आहे.”

मंगलाबाई एकदम उसळली. एवढं चिडायला काय झालं, तिचं तिलाच कळेना.

“इस्वास ते तिना घरमा बठीसन बी व्हता, सर! बारा वरीस व्हता! त्यानी रगत थांबनं का? भायेर निंघनी, हात लांबाडा, तव्हय वाचनी!”

ह्या एका शब्दासाठी सरांनी सात कोश पालथे घातले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मास्तर एखाद्या हुशार पोरीकडे बघतात तसं. मग हळूच म्हणाले, “पुढे? येशूनं विचारलं, मला कोण शिवलं. मग?”

पुढचं तिला येत होतं. बाई थरथरत पुढे आली आणि सगळ्यांदेखत खरं ते सांगून मोकळी झाली. एवढंच तर होतं! पण परक्या पुरुषापुढे असलं बोलायचं? जीभ झडून जाईल! पण न बोलून अंजनाचं काय झालं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

“मंग तिनी सांगं,” मंगलाबाई म्हणाली. “सर, माले बी सात महिना व्हयनात. तिनागतच.”

सर उठले, चपला घातल्या, किल्ली घेतली.

“चला.”

“आत्ते?”

“आत्ताच. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आहेत, मी ओळखतो. छगनरावांना रिक्षातून फोन करू.”

ती उठायला गेली, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मांडीवरच्या साड्या घसरल्या. सरांनी पुढे होऊन तिचा हात धरला.

“शिवू नका, सर!” ती कळवळली. “माले विटाळ शे. म्हनीसन ते मी तुमना उंबरा वलांडा नही.”

सरांनी हात सोडला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

“सहा महिने,” ते म्हणाले, “मी समजत होतो, मंगलाबाई, तुम्हाला विटाळ माझा होतो.”