साठावं पान

खूण अजून साठाव्या पानावरच होती.

आई आंघोळीला गेल्याची खात्री करून धाकट्याने बाड पुन्हा उघडून पाहिलं. तीन आठवडे झाले, खूण तसूभर हलली नव्हती. आणि ही बाई शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली, जाडजूड पुस्तकाचा दोन दिवसांत फडशा पाडणारी! त्याची पहिलीवहिली कादंबरी सोमवारी प्रकाशकाकडे जायची होती. आईने बरी म्हटल्याशिवाय ती पाठवायचा त्याला धीर होत नव्हता.

धाकटा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. त्यामुळे पहिला संशय अर्थातच नंबरावर. त्याने आईचे डोळे तपासले, नवा चष्मा करून आणला. आई म्हणाली, "छान स्वच्छ दिसतं." खूण साठावरच. सुरुवातीची पानं तेवढी हाताळून मऊ पडली होती. वाचता वाचता उशाखाली घेऊन झोपत असणार, दुसरं काय! त्याला ते फारच लागलं.

मग तो एकसष्टाव्या पानाच्या मागे लागला. सकाळी दोन ओळी खोडायचा, संध्याकाळी त्याच परत लिहायचा. दुकानात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा देऊन बसला. खरं तर गोष्ट तिथेच वेग घेत होती. घरात खटका उडतो, मोठा भाऊ तिरीमिरीत मोटरसायकल काढतो आणि अपघातात जातो. त्याच्या मते तेच प्रकरण सगळ्यात जमलेलं होतं. नावं, गाव, धंदा, सगळं त्याने बदललं होतं. कोणी ओळखेल तर शपथ.

रविवारी दुपारी आई खिडकीशी बाड घेऊन बसली, तेव्हा त्याचा संयम सुटला.

"आई, काय ते एकदा सांगून टाक. कंटाळवाणी झालीय ना? साठाच्या पुढे सरकतच नाहीस तू."

"कंटाळवाणी कोण म्हणालं? सात वेळा वाचली."

"सात वेळा?"

"साठाव्या पानापर्यंत. मग परत पहिल्यापासून." आईने चष्मा काढून पदराला पुसला. "पुढच्या पानावर तो गाडी काढतो रे. इथे थांबलं की दादा घरातच असतो."