झाळाईचा कौल

निनाद देवधर्म मानत नव्हता. मोबाइलवरच्या खेळात मात्र तो रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी पूजा करायचा आणि फायदा बघून देव बदलायचा. पाऊसदेवाने पीक दिले, पण तलवार दिली नाही, म्हणून त्याला सोडले. आता वणव्याच्या देवीची, झाळाईची पाळी होती.

कौलही तो आपल्या सोयीने लावायचा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली की हा पठ्ठ्या तिथे नवी चिकटवायचा आणि उजवी पडेपर्यंत तेच करत बसायचा.

“अरे, तुझं ठरलेलंच असतं, तर विचारतोस कशाला?” त्याची बायको वल्लरी म्हणाली.

“तिला काय कळतंय? मशीन आहे ते.”

या हंगामापासून खेळातले देव आपापल्या भक्तांकडूनच शिकणार होते. तशी सूचना आली होती. ती वाचण्याचे कष्ट निनादने घेतले नव्हते.

आज खेळातल्या त्याच्या योद्ध्याने हात जोडताच झाळाई चौथऱ्यावरून खाली उतरली. तिने योद्ध्याच्याच खांद्यांवर दोन पाकळ्या चिकटवल्या.

“याला हाकलून दुसरा भक्त बघू का?”

देवीने हाकलले की गड गेला, कित्येक वर्षांची कमाई गेली. निनाद पाकळ्यांकडे बघत राहिला.

डावी पाकळी पडली.

“नकार! वाचलो!” तो ओरडला.

झाळाईने ती पाकळी पायाने बाजूला सारली आणि परडीतून शांतपणे दुसरी उचलली.