उंबऱ्याचा ठसा

इतिहासाच्या प्राध्यापिका वसुधाक्का मुरगोड यांनी उभं आयुष्य एका प्रश्नात घालवलं होतं. चर्च बांधायच्या आधी पहिले ख्रिस्ती लोक कुणाच्या घरी आणि कशासाठी जमत होते? सीरियातल्या उत्खननात सापडलेल्या एका घराच्या उंबऱ्याचा प्लास्टरचा ठसा त्यांनी विद्यानगरच्या घरी, बैठकीच्या खोलीत ठेवला होता. ते साधं राहतं घर होतं की प्रार्थनेचं, हे कुणालाच सिद्ध करता आलं नव्हतं.

त्या निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी ठसा ओला होई. वसुधाक्का गुणगुणत तो फडक्यानं पुसून टाकत.

या रविवारी कामवाल्या निंगव्वानं हाक मारली. "अक्का, इकडं बघा की."

ठशापासून निघालेली ओली पावलं फरशीवरून जेवणघरात गेली होती. मोठ्यांची होती, लेकरांचीही होती. परत फिरलेलं एकही नव्हतं.

"दार लावून घेऊ काय?" निंगव्वा कुजबुजली.

वसुधाक्कांचा चेहरा समाधानानं उजळला. "नको. म्हणजे जेवायलाच जमत होते. तांदूळ जास्त घाल."

दोघी तिथंच उभ्या होत्या, आणि आत जेवणघरात कुणीतरी पाट मांडायला लागलं.