‘बाय’च्या पुढची जागा

मराठीत एकच ‘ने’ पुरतो, इंग्रजीत हत्याराआधी ‘विथ’ आणि मारणाऱ्याआधी ‘बाय’ लागतो, हे गजेंद्र सरांनी सावरगावच्या शाळेत कालच शिकवलं होतं. आज सुचितानं स्वतःचं इंग्रजी वाक्य लिहून वही पुढं केली. बाबांना गोट्यानं मारलं, यातला ‘विथ’ अचूक होता. ‘बाय’च्या पुढं जागा कोरी. “सर, इथं कोनाचं नाव लिहू? गोटमारीत बाबाचा डोळा कोनी फोडला, कोनालेच मालूम नाही.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पलीकडचं पांढुर्णा नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात, ती गोटमार. त्या दिवशी पांढुर्ण्याकडच्या काठावरून गोटे फेकणाऱ्यांत सर होते. त्यांचाच गोटा सुटला आणि पलीकडे तिचा बाप डोळा धरून खाली बसला, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. लाल पेन ‘बाय’वर अडून राहिला. मग त्यांनी तो शब्द खोडला. “मारणाऱ्याचं नाव नाही लिहिलं तरी वाक्य बरोबरच राहते.” सुचितानं तो नियम वहीत लिहून घेतला.