घाटाचा उतार

चढ संपेना. नागोराव हँडल धरून सायकल ओढत होता आणि राहीबाई मागून कॅरियर रेटत होती. पावसाळ्यात रस्त्याचा मुरूम वाहून गेला होता. उघड्या पडलेल्या दगडांवरून चाक घसरायचं, की ती जोर लावायची. तो थांबला की तीही थांबायची.

हँडलला तिचं गाठोडं लटकत होतं. लुगडी, फणी, लग्नातला तांब्या. तिचं म्हणून जे काही होतं, ते त्यात मावलं होतं.

बाजारहत्नूरजवळचं आपलं गाव त्यांनी पहाटे सोडलं होतं. डोंगरापलीकडे, किनवटच्या बाजूला, राहीबाईचं माहेर. आजवर दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती. या महिन्यात राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या; किनवट मुंबई राज्यात गेलं आणि त्यांचं गाव आंध्रात राहिलं. नागोरावचे थोरले भाऊ चंपतराव ओसरीवर बसून म्हणाले होते, "तिचं मन नाही लागून राह्यलं इथं. आता मधात सरहद्द पडली. उद्या येणंजाणं राह्यते का नाही, कोन सांगते? पोचवून दे तिला माहेरी. तिथंच राहू दे." नागोरावने मान हलवली. राहीबाईने आतून ऐकलं आणि गाठोडं बांधायला घेतलं. तिला कोणी विचारलं नाही. तिनेही काही विचारलं नाही.

पोळ्याच्या सुमारास त्यांची गंगू तापाने गेली होती. नुकती कुठे अंगणात पळायला लागली होती. त्यानंतरही घरात भाकरी थापल्या गेल्या, बैलांपुढे कडबा पडला, कापूस वेचला गेला. नागोराव रडला नाही. राहीबाईही रडली नाही. पूर्वी तो तिला 'गंगूची माय' म्हणून हाक मारायचा आणि ती त्याला 'गंगूचे बापू' म्हणायची. आता एकमेकांना हाक मारायला शब्दच उरला नव्हता. स्वयंपाक झाला की ती ताट जरा जोरात ठेवायची. तो आवाज ऐकून तो जेवायला उठायचा.

माथ्यावर पोचल्यावर दोघं थांबली. खाली सागाचं रान पसरलं होतं. त्यापलीकडे डोंगरांच्या निळ्या रांगा, आणि मधल्या पठारावर कारळाची पिवळी फुलं. या वाटेने येणारा माणूस इथे घटकाभर तरी बसतोच. नागोरावने समोर पाहिलं आणि धोतराने तोंड पुसलं. राहीबाई खाली मान घालून पायातला काटा काढत होती.

मग तो सायकलवर बसला. ती मागे कॅरियरवर बसली.

पहिल्या वळणाला त्याने ब्रेक दाबले. पुढच्या वळणालाही दाबले. त्यानंतर लांब, सरळ उतार लागला. उताराच्या टोकाला रस्ता एकदम डावीकडे वळत होता आणि समोर दरी होती.

नागोरावची बोटं ब्रेकवरून सुटली. त्याने तसं ठरवलं नव्हतं. मुठी नुसत्या ढिल्या झाल्या. सायकल वेग घेऊ लागली. दगड चाकांखालून उडू लागले. तो दरीकडे बघत राहिला. भीती वाटायला हवी होती, पण त्याला काहीच वाटलं नाही. उलट हलकं वाटलं.

आणि मग त्याला आठवलं, की मागे ती आहे.

"राही!" तो ओरडला. तिचं नाव त्याने लग्नानंतर कधी घेतलं नव्हतं. "उडी मार! गवत हाये बाजूला, उडी मार!"

तिने दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घातले आणि कपाळ त्याच्या पाठीवर टेकवलं.

बाजूचं गवत मागे गेलं. वळण समोर आलं. नागोरावने होता नव्हता तो सगळा जोर लावून दोन्ही ब्रेक आवळले. सायकल आडवी झाली, दोघांना घेऊन फरपटत गेली आणि कडेच्या धोंड्यावर आदळून थांबली.

धूळ खाली बसली. राहीबाईच्या कोपरातून रक्त येत होतं. त्याने धोतराची पट्टी फाडली आणि बांधायला घेतली. गाठ बसेना. "गंगू असतानी..." तो काहीतरी म्हणायला गेला आणि पुढचं आलंच नाही. तो रडायला लागला. इतक्या महिन्यांचं रडणं होतं, ते आवरेना. मग तीही रडली, तिथेच, रस्त्यात बसून.

वाकलेलं चाक घेऊन ती दोघं पायीच माहेरी पोचली. राहीबाईच्या आईने, बयनाबाईने, पाणी दिलं, कोपराला हळद लावली आणि जावयाला विचारलं, "जेवून लगेच निघता का?"

नागोराव काही बोलायच्या आत राहीबाई म्हणाली, "आमी दोघं उद्या निघतो, माय."

बयनाबाईने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. आणखी काही न विचारता तिने चुलीवर तवा ठेवला.

दुसऱ्या दिवशी चाक सरळ करून ती परतली. घाट चढताना त्या वळणावर नागोराव थांबला. कालपासून मनात होतं ते त्याने विचारलं.

"मी एवढा वरडलो. मंग तू उडी काऊन नाही मारली?"

"मी उडी मारली असती," ती म्हणाली, "तर तुमी बिरेक दाबला असता काय?"